एका माणसाचं वऱ्हाड

सिहोऱ्यात आमच्या सरांनी ‘ब्रह्म’ हा शब्द उच्चारला की बपेऱ्याच्या पल्याड, नदी ओलांडून थेट मध्यप्रदेशात, कुत्री भुंकायला लागायची. यात कुणाला अतिशयोक्ती वाटली तर ती कुत्र्यांची समजावी, मी आपला ऐकलेलं सांगतो. माणूस देहानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा, आणि मताचा एवढा पक्का की सूर्य पश्चिमेला उगवला असता तर सरांनी त्याला थांबवून समजावलं असतं की बापा, उगवणारा आणि पाहणारा वेगळा नाही, तू उगाच दमून राहिला.

त्यांचं मत एकच होतं आणि ते मतही ‘एकच’ असंच होतं. जे आहे ते एक आहे. दुसरं दिसतं, पण नसतं. आणि देवाची करणी पाहा, या माणसानं हायस्कुलात जन्मभर गणित शिकवलं. एकच्या पुढचे सगळे आकडे म्हणजे मायेचा पसारा असं मनापासून मानणारा माणूस फळ्यावर वर्गसमीकरणं सोडवायचा. एखाद्या पोरानं खोडी काढलीच तर म्हणायचे, “व्यवहारात दोन अन् दोन चार. परीक्षेत हेच लिहजो. परमार्थात तू अन् मी मिळूनही दोन होत नाही, मंग चार कुठून आणशीन?” पोरं परीक्षेत चारच लिहायची. एकानं ‘सर्व एक’ असं लिहिलं, तर सरांनी त्याला शून्य दिलं आणि घरी बोलावून पोटभर जेवू घातलं.

मी त्यांचा भाडेकरू. रस्त्याकडच्या खोलीत माझं मोटर-वाइंडिंगचं दुकान, मागच्या खोलीत मी, आणि उरलेल्या घरात सर आणि त्यांचं ब्रह्म. उन्हाळी धानाच्या दिवसांत आमच्याकडे पंपाच्या मोटरी भजे तळावे तशा जळतात. त्या घेऊन मी दुकानात तांब्याची तार गुंडाळत बसलो की सर स्टूल ओढून समोर बसायचे. एकदा जळक्या मोटरीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “हे फिरते ते कोणाच्या जोरावर?” त्यांना ‘चैतन्य’ असं उत्तर हवं होतं. मी म्हटलं, सध्या कोणाच्याच नाही, लोडशेडिंग आहे. सर असे खूश झाले की शेजारच्या पानठेल्यावरून चार लोकांना बोलावून आणलं आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, “या पोरानं आत्ताच प्रलय समजावून सांगतला.”

घराला कुलूप नव्हतं. चोर येईल म्हटलं तर म्हणायचे, चोर कोण, मीच. माझं मीच नेलं तर तक्रार कोणाची? अर्थात एक दिवस त्यांची सायकल गेली. सर गावभर पायी फिरले आणि भेटेल त्याला आनंदानं सांगत सुटले की सायकल सध्या माझ्याच एका दुसऱ्या अंगाकडे आहे, मजेत आहे. भाजीवाल्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, तलावाच्या पाळीवर जाळं टाकून बसलेल्या ढिवरांना सांगितलं. शेवटी चोराला हे ऐकणं असह्य झालं असावं. एका सकाळी सायकल दारात उभी होती, मागच्या चाकात नवी ट्यूब टाकलेली. सर म्हणाले, “पाह्यलं? या हातानं नेली, त्या हातानं दुरुस्त केली.”

दोरीचा साप दिसतो हा वेदान्त्यांचा आवडता दाखला. पण तो बहुधा कोरड्या प्रदेशात सुचलेला असावा. आमच्या झाडीपट्टीत पावसाळ्याचे चार महिने साप एवढे की माणसाला सापातच दोरी दिसते. एकदा सरांनी अंगणात वाळत घालायच्या दोरीवर धोतर टाकलं आणि दोरी धोतर घेऊन चालायला लागली. सर मागं, धोतर पुढं. कुंपणाशी धामण धोतरातून निघून गेली तेव्हा सरांनी तिला हात जोडले. मी पोट धरून हसत होतो. सर म्हणाले, माझ्याकडून चूक झाली, तिच्याकडून नाही. तिनं मला साप समजलं नाही.

डॉक्टरनं साखर बंद केली होती. ते चहात दोन चमचे टाकत म्हणायचे, ब्रह्माला मधुमेह होत नाही. मग सकाळी गोळी कोण घेतं, असं विचारलं की गोळी तोंडात टाकून, पाणी पिऊन, तोंड पुसून सांगायचे, “व्यवहार.”

सर गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांची आठवण काढली की मला आधी हसू येतं. आणि हसता हसता लक्षात येतं की मी ज्या घरात बसून हसतो आहे ते घर, आत भांडी आपटणारी बायको आणि अंगणात एकमेकांची डोकी फोडणारी पोरं, हे सगळं मला त्या एका माणसाच्या हट्टामुळे मिळालेलं आहे. वेदान्तानं माणसं संसार सोडतात असं मी ऐकून होतो. मला वेदान्तानं संसार लावून दिला. कसा, ते सांगतो.

मला मागंपुढं कुणी नव्हतं. आईवडील लहानपणी गेले, काकानं वसतिगृहात टाकलं आणि परत न्यायचं विसरला. हाताला धंदा होता, व्यसन नव्हतं, तोंडही बरं होतं. (हे शेवटचं माझं मत.) पण सोयरीक जमायची नाही. मुलीकडचे यायचे, दुकान पाहायचे, मोटर फिरवून पाहायचे, पोहे खायचे आणि मग एकच प्रश्न विचारायचे: मुलाच्या मागं कोण? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पोहे मात्र मी फार चांगले करायला शिकलो.

सर होते, पण सरांचं काय सांगायचं? ते मला ‘हा मीच’ म्हणायचे हे खरं. पण म्हशीलाही म्हणायचे. पानठेलेवाल्यालाही म्हणायचे, धामणीलाही. सगळेच सर, तर त्यात मी कुठला खास? मला तेव्हा वाटायचं, या माणसानं सगळ्या जगाला आपलं करून मला मात्र एकटंच ठेवलं.

मग आंधळगावचं स्थळ आलं. मुलीचे वडील धानाचे शेतकरी, गावात वजन, शब्दाला पक्के, मिशी अशी की तिच्या टोकाला कंदील टांगावा. मुलीला मी मोहाडीच्या बाजारात पाहिलं होतं. तिनं वांगी निवडताना भाजीवाल्याची अशी खरडपट्टी काढली होती की मी तिथंच ठरवलं, जन्मभर बोलणी खायची तर हिचीच. ही सोयरीक मोडली असती तर पुन्हा कुणाच्या दारात जायचं नाही असंही मी मनाशी ठरवून टाकलं होतं. बैठकीला माझ्या बाजूनं कुणी वडीलधारं हवं. वडीलधारं म्हणजे सर. धोका मला दिसत होता, पण दुसरा माणूस कुठून आणू? सरांच्या मते तर तो जगातच नव्हता.

अंगणात सतरंजी. एकीकडे मुलीचे वडील आणि भाऊबंद, एकीकडे सर आणि मी. आत्याबाई चहाचं ताट घेऊन आल्या, त्यांच्या मागं मुलगी. वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, “मुलाचे तुमी कोण लागता जी, गुरुजी?”

“मुलगा म्हणजे मीच,” सर म्हणाले.

आत्याबाई जागच्या जागी वळल्या आणि मुलीला पाठीशी घालून आत निघाल्या. सत्तरीला टेकलेला, कानातून केस आलेला नवरदेव पाहून कुठलीही आत्या तेच करेल. मी घाईघाईनं उठून सांगितलं की नवरदेव मी आहे. “तेच तं सांगून राहिलो मी,” सर म्हणाले आणि चहा मागितला.

मुलीच्या वडिलांना हसू आलं नाही. त्यांनी मांडी सावरली. “मस्करी नको, गुरुजी. पोरगी देतो त्या घरी पोराच्या मांगं माणूस पाह्यजे. उद्या यानं दारू घेतली, हात उचलला, पोरीले टाकून देल्लं, तं मी कोणाच्या दारात जाऊ?”

झालं, मी मनात म्हटलं. तोच प्रश्न. आता सर घटातल्या आकाशाचा दाखला काढतील, आणि आपण सिहोऱ्याला जाऊन पोहे करू. मी खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढत बसलो.

सर मात्र त्या दिवशी हळू बोलले. एवढे हळू की नदीपलीकडचं एकही कुत्रं उठलं नसेल.

“हा माझा आहे असं मले सांगता आलं असतं जी. पण माझा म्हटलेला माणूस सोडता येते. बाप पोराले म्हणते, आजपासून तू माझा नाही. काका पुतण्याले वसतिगृहात ठेवते अन् नेत नाही. मी स्वतःले कुठं ठेवून येऊ? यानं तुमच्या पोरीले दुःख देल्लं तं ते मी देल्लं. माझ्या दारात या अन् मले जोड्यानं मारा. मी विचारणार नाही, कोणाच्या कसुरासाठी.”

 सतरंजीचा तो धागा माझ्या हातात बराच लांब येऊन बसला होता. आजवर ज्या शब्दांना मी हसत होतो, ते शब्द एवढ्या कामाचे असतील हे मला ठाऊक नव्हतं. कुणी मला आपला म्हणावं एवढीच माझी मागणी होती, आणि या माणसानं ती मागणी थोडकी आहे म्हणून बाजूला ठेवली होती.

मिशीची टोकं हलली. तेवढ्यात दारातून आत्याबाईंच्या खांद्यावरून मुलीनं तोंड काढलं. ती म्हणाली, “गुरुजी, एक विचारू का? सगळे एकच आहे, तं तुमच्या घरी सैपाक कोण करते?”

“ज्याले पह्यले भूक लागते तो.”

ती हसली. तिनं तिथंच होकार दिला असं माझं मत आहे. तिचं म्हणणं की तिला फक्त हसू आलं होतं. ते काही असो, आमच्या घरात पहिली भूक मला लागते, आणि तो नियम आजतागायत पाळला जातो.

उठता उठता वडिलांनी व्यवहाराचं विचारलं, वऱ्हाड किती आणता? ते ठरवावं लागतं, त्यावर मांडव, तांदूळ, बुंदी सगळं ठरतं. सर म्हणाले, “एक.” वडिलांचे डोळे पाणावले. पोराला खरंच कुणी नाही, हा एक म्हातारा येणार, असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं. आम्हा दोघांचंही गणित व्यवहारातलं होतं.

आता पुढचं सरांच्या भोळेपणानं झालं की बनेलपणानं, याचा निकाल मी अजून लावू शकलेलो नाही. लग्नाचा दिवस ठरल्यावर सर सायकल काढून बाहेर पडले आणि भेटेल त्याला सांगत गेले: “माझं लग्न आहे. आंधळगावले. नक्की या.” पत्रिका नाही, काही नाही. त्यांच्या हिशोबानं ते शंभर टक्के खरं होतं. पण ऐकणाऱ्याचं काय? ज्या मास्तरानं उभ्या जन्मात बाईकडे मान वर करून पाहिलं नाही, तो सत्तरीत बोहल्यावर चढतोय, ही बातमी सिहोऱ्याहून तुमसरला माझ्या फटफटीच्या आधी पोचली. त्यांच्या हाताखालून गेलेली सगळी पोरं, आता बापे झालेली, बायकापोरांसह निघाली. नवरी कोण असावी यावर पानठेल्यावर पैजा लागल्या. ढिवरांनी जाळी गुंडाळली. मध्यप्रदेशातून नाव भरून माणसं आली, आणि मला तर दाट संशय आहे की मागं एकदोन कुत्रीही होती.

लग्नाच्या सकाळी मी मुंडावळ्या बांधून दारात आलो आणि रस्ता दिसेना. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, काळी-पिवळ्या जीपा, फटफट्या. नवरदेव मी आहे हे पाहूनही कुणी परत वळलं नाही. पहिला ट्रॅक्टर आंधळगावात शिरला तेव्हा शेवटचा सिहोऱ्यातून सुटायचाच होता. बायको म्हणते, तू पहिल्यात होता, तुला शेवटचा दिसला कसा? अशा प्रश्नांनी इतिहासाचं फार नुकसान होतं.

मांडवाच्या तोंडाशी मुलीचे वडील हार घेऊन उभे होते. एक हार. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, मग आणखी पाहिलं. मी आयुष्यात पुष्कळ जळक्या मोटरी पाहिल्या, पण माणसाच्या तोंडावरून वीज अशी गेलेली तेव्हाच पाहिली. ते सरांपाशी आले आणि कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, “गुरुजी, तुमी एक सांगतलं होतं.”

“एकच आहे जी,” सर म्हणाले.

“मी गावाच्या पुरता भात टाकला. आता माझ्या दारातून लोक उपाशी जातीन. पोरीच्या लग्नात. तुमच्या एकानं माझी इज्जत खाल्ली, गुरुजी.”  मागं त्यांचे भाऊबंद कुजबुजू लागले होते, आणि एकदोघं मांडवाकडे पाठ करून उभे राहिले होते. पाठ फिरली की लग्नं मोडतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

  सर मांडवामागं चुलीकडे गेले, भाताचा गंज, म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं, पाहिला, भाजीचा पाहिला, आचाऱ्याचं तोंड पाहिलं. मग धोतराचा काचा मारला, ट्रॉलीवर चढले आणि वर्गातल्या आवाजात गरजले. या वेळी कुत्री खरोखर भुंकली, आंधळगावचीच.

“तुमी कोणाच्या लग्नाले आले बे?”

“तुमच्या, सर.” सगळा रस्ता म्हणाला.

“मंग तुमी पाहुणे का घरचे?”

“घरचे, सर.”

“घरचे लोक पंगतीले पह्यले बसते का?”

सगळ्यांनी वर्गातल्यासारखी मान खाली घातली. चुकीचं उत्तर दिलं की काय होतं हे बापे झालेल्या त्या पोरांना अजून आठवत होतं. आणि मग रस्ता हलला. जवळच्या गावचे ट्रॅक्टर घराकडे वळले आणि तांदळाचे कट्टे भरून घेऊन आले. भंडाऱ्याच्या मातीत दुसरं काही कमी पडेल, तांदूळ कसा पडेल? कुणी बाजारातून आलू-वांगी उचलली, कुणी गंज आणले, तुमसरच्या एका विद्यार्थ्यानं आपलं किराणा दुकानच ट्रॉलीत टाकून आणलं. म्हाताऱ्याची नवरी पाहायला आलेल्या बाया पदर खोचून पुऱ्या लाटायला बसल्या. नवरी पाहायची ती लाटता लाटता पाहता येत होती. मी मुंडावळ्या मागं सारून भाजीत झारा फिरवत होतो. भटजीनं मुहूर्त टळतो म्हणून घड्याळ दाखवलं, तेव्हा सरांनी त्याच्या हातात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी दिली आणि निवडायला बसवलं. मंगलाष्टकं झाली तेव्हा माझ्या हाताला हळद होती ती रीतीची नव्हती, भाजीची होती.

आणि मग आंधळगावात कधी झालं नव्हतं ते झालं. वरपक्ष वाढायला उभा राहिला आणि वधूपक्ष पंगतीला बसला. मुलीचे भाऊबंद, जे सकाळपासून वऱ्हाडाच्या हातापाया पडायची तयारी करून होते, ते पत्रावळीपुढे अवघडून बसले. रुसायचं कुणी, मनवायचं कुणी, कुणालाच कळेना. पाठ फिरवलेले दोघं सगळ्यांत आधी बसले. थोड्या वेळानं तर कोण कुठला हेच ओळखू येईना. सिहोऱ्याचा आंधळगावच्याला आग्रह करत होता, बपेऱ्याचा आत्याबाईंना बुंदी वाढत होता, आणि त्या त्याला सांगत होत्या की वाढायला शीक, मुठीनं काय वाढतं.

मुलीचे वडील काही बसेनात. मांडवाच्या खांबाशी हात जोडून उभे. सर गेले, त्यांचा हात धरून आणला, मांडी घालून बसवलं, पत्रावळ मांडली, भाताची मूद वाढली, आणि समोर घामानं थबथबलेले, चुलीच्या राखेनं माखलेले, तसेच उकिडवे बसून राहिले.

वडिलांनी घास उचलला आणि थांबले. “तुमी नाही जेवले, इवाई?” व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. ते पहिल्यांदाच म्हणाले.

“तुमी जेवून राहिले ना,” सर म्हणाले.

 वडिलांच्या मिशीच्या आत काहीतरी हललं. मग त्यांनी एक हात लांब करून सरांना मनगटाला धरून खाली ओढलं, पत्रावळ दोघांच्या मध्ये सरकवली आणि म्हणाले, “मंग दुसरी पत्रावळ कायले?”

सरांना आयुष्यात कुणी वादात हरवलं असेल तर ते त्या दिवशी. ते जेवायला लागले. दोन मोठाले म्हातारे, गुडघ्याला गुडघा लावून, एका मुदीला दोन बाजूंनी. मी वरणाची बादली घेऊन त्यांच्यापुढे वाकलो. कुणाच्या बाजूला वाढावं ते समजेना, म्हणून मधोमध वाढलं.